शाळेची लेव्ही पास करायची तर: वॉशिंग्टन राज्यातल्या मराठी पालकांसाठी

रेडमंड, बॉथल, समामिश, बेलव्ह्यू. सिएटलच्या पूर्वेकडच्या या गावांत घर बघताना आपले लोक आधी शाळा बघतात, मग किचन. पण त्या शाळेच्या खर्चाचा एक भाग लेव्हीतून, म्हणजे मालमत्ता करातल्या शाळेसाठीच्या वाट्यातून, येतो आणि तो दर काही वर्षांनी मतदारांना विचारून मंजूर करून घ्यावा लागतो, हे अनेकांना घर घेऊन दोन-तीन वर्षं झाल्यावर कळतं. जानेवारीच्या शेवटी टपालात मतपत्रिकेचं पाकीट येतं, तेव्हा. महाराष्ट्रात मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण उपकराची ओळ असते. १९६२च्या कायद्याने ती लागली आणि ती भरायची की नाही हे आपल्याला कधी कुणी विचारलं नाही. इथे विचारतात, आणि निम्म्या लोकांनी नाही म्हटलं तर पैसे बंद होतात.

लेव्हीचा प्रचार म्हणजे शिक्षणाचं महत्त्व पटवून देणं, असं समजून बरेच जण कामाला लागतात आणि दमतात. शिक्षण महत्त्वाचं आहे हे कुणालाच पटवावं लागत नाही. ज्यांचा होकार आधीच आहे त्यांचं पाकीट वेळेत पोचवणं, आणि ज्यांना शंका आहे त्यांना कराचा आकडा न लपवता सांगणं, एवढीच खरी दोन कामं आहेत. पुढे जे लिहिलं आहे ते या दोन कामांसाठी.

लेव्ही, बाँड आणि राज्याचा पैसा

वॉशिंग्टनच्या राज्यघटनेनुसार मुलांच्या शिक्षणाची तरतूद हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य आहे. तरी स्थानिक लेव्ही लागतेच, आणि हा वाद जुना आहे. १९७०च्या दशकात सिएटलमध्ये लेव्ही नापास झाल्यावर शाळांनी राज्याला कोर्टात खेचलं. त्यातून 'बेसिक एज्युकेशन' राज्याने भरायचं हे तत्त्व ठरलं आणि १९७७चा कायदा आला. पुढे २००७ साली मॅक्क्लिअरी खटला दाखल झाला. २०१२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकार पुरेसा पैसा देत नाही असा निकाल दिला आणि ऑगस्ट २०१५पासून दिवसाला १ लाख डॉलर दंड लावला. २०१७ साली विधिमंडळाने राज्याचा मालमत्ता कर वाढवला आणि त्या बदल्यात स्थानिक लेव्हीवर कडक मर्यादा घातली. ती २०१९ साली थोडी सैल केली. २०१८ साली खटला मिटला.

हा इतिहास पाठ करायची गरज नाही. पण दारात उभं राहिल्यावर पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच येतो: 'मॅक्क्लिअरीनंतर सगळं राज्य देणार होतं ना?' उत्तर असं: राज्य एका सूत्राने पैसे देतं. इतक्या मुलांमागे इतके शिक्षक, इतक्या नर्स, इतके समुपदेशक. प्रत्यक्षात शाळेत जितकी माणसं लागतात आणि सूत्रात जितकी धरली आहेत, यांत फरक पडतो. विशेष गरजा असलेल्या मुलांचं शिक्षण हे त्यातलं सगळ्यात मोठं भगदाड. शिवाय खेळ, संगीत, वर्गातले मदतनीस, सुरक्षा यांतला बराच खर्च स्थानिक पैशातून होतो. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे तुमच्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत, नेमका कशावर होतो, ते त्यांच्या लेव्हीच्या पानावर लिहिलेलं असतं. मतदानाआधी हा खर्चाचा आराखडा राज्याच्या शिक्षण कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे तो तयार असतोच. तो आधी वाचा. दुसऱ्या गावचा आराखडा आपल्या गावात सांगू नका.

मतपत्रिकेवर नेमकं काय आहे तेही बघा. रोजच्या खर्चाची लेव्ही जास्तीत जास्त चार वर्षांची असते. इमारती आणि तंत्रज्ञानाची सहा वर्षांपर्यंत. या दोन्हींना साधं बहुमत पुरतं. २००७ साली मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करेपर्यंत लेव्हीलाही ६० टक्के लागायचे. बाँडला, म्हणजे इमारतींसाठी काढून मालमत्ता करातून फेडायच्या कर्जाला, मात्र आजही ६० टक्के लागतात, आणि वर मागच्या सार्वत्रिक निवडणुकीच्या ४० टक्के इतकं मतदानही व्हावं लागतं. आपल्या भागातल्या लेक वॉशिंग्टन डिस्ट्रिक्टचा बाँड २०१४ साली फेब्रुवारीत पडला, रक्कम कमी करून एप्रिलमध्ये आणला तरी पडला, आणि शेवटी २०१६ साली ३९.८ कोटी डॉलरचा पास झाला. निम्म्याहून जास्त लोक बाजूने असूनही हरता येतं, ते असं.

आकडा काढायला शिका

हे जमलं नाही तर बाकीचं सोडून द्या. काउंटी असेसरच्या, म्हणजे करासाठी घरांची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर आपल्या घराची करपात्र किंमत बघा. झिलोसारख्या घरविक्रीच्या साइटवरची नको. ती भागिले एक हजार, गुणिले लेव्हीचा अंदाजे दर. घर १२ लाख डॉलरचं आणि दर हजाराला १ डॉलर धरला तर वर्षाला १,२०० डॉलर, म्हणजे महिन्याला १००. समोरच्याला दोन्ही आकडे सांगा. फक्त 'महिन्याला एवढेच' सांगितलं की लोकांना चलाखी वाटते, आणि ती असतेही.

आता एक गोष्ट जी इथे वाढलेल्या माणसांनाही नीट माहीत नसते. मतदार मंजूर करतात ती एकूण रक्कम, दर नाही. प्रत्येक वर्षी इतके कोटी डॉलर, असं मतपत्रिकेवर लिहिलेलं असतं आणि शेजारी दराचा अंदाज असतो. घरांच्या किमती वाढल्या तर शाळेला जास्त पैसे मिळत नाहीत, दर खाली येतो. 'घर महागलं की शाळेची चंगळ' हा आरोप त्यामुळे चुकीचा आहे. पण तुमच्या घराची किंमत शेजाऱ्यांपेक्षा जास्त वाढली असेल तर तुमचा वाटा वाढेल, हेही खरं, आणि विचारलं तर तेही सांगायचं.

'नवीन कर आहे का?' या प्रश्नाचं उत्तर आधी तपासून ठेवा. बरेचदा संपत आलेल्या लेव्हीच्या जागी तीच पुढे चालवायची असते. पण रक्कम पूर्वीपेक्षा वाढवली असेल तर 'काही बदलत नाही' म्हणू नका.

निवृत्त शेजारी 'आमचं उत्पन्न ठरलेलं आहे' म्हणाले तर वाद घालू नका. वॉशिंग्टनमध्ये ६१ किंवा त्याहून जास्त वयाच्या किंवा अपंगत्व असलेल्या, ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असलेल्या घरमालकांना मालमत्ता करात सूट आहे, आणि पात्र ठरल्यास मतदारांनी मंजूर केलेल्या शाळेच्या लेव्ही त्यांना लागत नाहीत. अर्ज असेसरकडे करायचा. ही माहिती नसलेली माणसं खरंच भेटतात, आणि मत काहीही देवोत, त्यांचा फायदा होतो.

मत कुणाला, पैसे कुणाला, नुसते हातपाय कुणाला

आपल्या घरांत हा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. मूल शाळेत, घर नावावर, कर भरतोय, आणि व्हिसा एच-वन-बी. मत देता येत नाही. ग्रीन कार्डवरही नाही. नागरिक नसताना मतदार म्हणून नोंदणी झाली किंवा मत दिलं तर पुढचं ग्रीन कार्ड, नागरिकत्व, अगदी देशात राहणंही धोक्यात येऊ शकतं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचा प्रश्न आला तर 'नाही' म्हणा, आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांनाही बजावून ठेवा. प्रचारात नोंदणीचे फॉर्म वाटत असाल तर पहिला प्रश्न 'तुम्ही नागरिक आहात का?' हाच हवा. संकोच करू नका.

पैशाचंही तसंच. ग्रीन कार्डवाल्यांना देणगी देता येते. एच-वन-बी, एच-फोर, विद्यार्थी व्हिसावाल्यांनी एक डॉलरही देऊ नये आणि स्वतःच्या खर्चाने पाट्याही छापू नयेत. राज्याच्या कायद्यातली परदेशी नागरिकांवरची बंदी अशा मतदानाच्या प्रस्तावांनाही लागू आहे. प्रचार समितीच्या पैशाच्या निर्णयांपासूनही दूर राहा. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून पत्रकं वाटणं, शेजाऱ्याशी बोलणं, मराठीतून समजावून सांगणं यासाठी जागा आहे. शंका आली तर राज्याच्या पब्लिक डिस्क्लोजर कमिशनला, म्हणजे पीडीसीला, विचारा. ते उत्तर देतात.

आपल्या महाराष्ट्र मंडळाचं काय? करमुक्त संस्थेला उमेदवाराचा प्रचार पूर्ण वर्ज्य आहे, पण लेव्हीसारख्या प्रस्तावाला पाठिंबा मर्यादेत देता येतो. खर्च केला तर पीडीसीकडे नोंद करावी लागू शकते. माझ्या मते मंडळाने ठरावबिरावाच्या भानगडीत न पडता एक माहितीचा कार्यक्रम ठेवावा. कार्यकारिणीत लेव्हीविरोधी सभासदही असतात आणि गणपतीत तेच पहाटे येऊन मांडव घालतात.

शाळा प्रचार करू शकत नाही, म्हणून समिती लागते

डिस्ट्रिक्टला सार्वजनिक साधनं प्रचारासाठी वापरायला कायद्याने मनाई आहे. शाळेचा ईमेल, झेरॉक्स, शिक्षकांचा कामाचा वेळ, मुलांच्या दप्तरातून पत्रकं, काहीही नाही. डिस्ट्रिक्ट फक्त वस्तुनिष्ठ माहिती देऊ शकतं. म्हणून वर्गशिक्षिकेला 'तुम्ही पालकांना सांगा ना' असं म्हणून अडचणीत आणू नका. संध्याकाळी, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या वेळेत ती काय करते हा तिचा हक्क आहे. पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ, ही शाळेपासून वेगळी संस्था असल्यामुळे ती पाठिंबा देऊ शकते आणि बरेचदा देते.

प्रचार करते ती नागरिकांची स्वतंत्र समिती. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये ती आधीच असते आणि दर निवडणुकीला त्याच थकलेल्या पाच-सहा जणांवर चालते. नवी काढू नका, आहे तिच्यात जा. नसलीच तर पैसे येणार किंवा खर्च होणार असं दिसल्यापासून दोन आठवड्यांत पीडीसीकडे नोंदणी करायची, स्वतंत्र बँक खातं काढायचं, खजिनदार नेमायचा. खजिनदार हिशोबाला चोख हवा. भाषण येत नसलं तरी चालेल. पत्रकांवर आणि जाहिरातींवर खर्च कुणी केला ते छापावं लागतं.

मतदार पुस्तिकेत बाजूचं आणि विरोधातलं अशी दोन निवेदनं छापतात, आणि दोन्ही लिहिणाऱ्या समित्या डिस्ट्रिक्टने नेमायच्या असतात. फेब्रुवारीच्या मतदानासाठी प्रस्तावाचा ठराव ६० दिवस आधी काउंटीकडे जातो, म्हणजे ही सगळी जुळवाजुळव डिसेंबरच्या पूर्वार्धात होते. आपण तेव्हा भारतात सुट्टीला जायच्या तयारीत असतो. जाणार असाल तर आधीच सांगून ठेवा.

कुणाशी बोलायचं

फेब्रुवारीतली विशेष निवडणूक दुसऱ्या मंगळवारी असते. मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्ष नाही, गव्हर्नर नाही, बरेचदा फक्त शाळा. मतदान नोव्हेंबरपेक्षा पुष्कळ कमी होतं आणि जे मत देतात त्यांत ज्येष्ठांचं प्रमाण जास्त असतं. शाळेत मुलं असलेली घरं एकूण घरांत कमीच असतात. त्यामुळे एक एक पालक-मतदार मोलाचा.

मतदार यादी इथे सार्वजनिक आहे आणि राजकीय कामासाठी मिळते (धंद्यासाठी वापरली तर गुन्हा). कुणी कोणत्या निवडणुकीत मत दिलं एवढं तिच्यात दिसतं, कुणाला दिलं ते नाही. समितीने ती यादी घेऊन त्यातून दोन गट काढावेत: नेहमी मत देणारे, आणि फक्त नोव्हेंबरात मत देणारे पालक. पहिल्या गटाला आकडे आणि आराखडा. दुसऱ्या गटाला आठवण, आणि परत आठवण.

नव्याने नागरिक झालेले मराठी पालक बहुतेक या दुसऱ्या गटात सापडतात. त्यांच्यासाठी वेळापत्रक सोयीचं आहे. मतपत्रिका मतदानाच्या किमान १८ दिवस आधी निघतात, म्हणजे जानेवारीच्या शेवटी घरी येतात, आणि संक्रांतीची हळदीकुंकवं त्याच सुमाराला चालू असतात. तिळगूळ हातात देऊन लगेच कराचं काढू नका. पण 'पाकीट आलं का गं तुझं?' एवढं विचारायला काय हरकत आहे? ज्या ताई-वहिनींनी आयुष्यात कधी प्रचार केला नाही त्या हे काम उत्तम करतात. मतपत्रिका मराठीत मिळत नाही, त्यामुळे ज्यांना इंग्रजी कायदेशीर भाषेचा कंटाळा येतो त्यांना त्याच बैठकीत प्रस्तावाचा अर्थ सांगता येतो.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा मजकूर चार ओळींचा ठेवा: प्रस्ताव कोणता, शेवटची तारीख कोणती, जवळचा ड्रॉप बॉक्स (मतपत्रिका टाकायची काउंटीची पेटी) कुठे, शंका असेल तर कुणाला फोन करायचा. लांब फॉरवर्ड कुणी वाचत नाही. ग्रुपवर वाद सुरू झाला तर तिथे जिंकायचा प्रयत्न करू नका, त्या माणसाला थेट फोन करा.

अवघड प्रश्न

'मुलं कमी होतायत, मग पैसे कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. बेलव्ह्यूने २०२३ साली विल्बर्टन आणि ईस्टगेट या दोन प्राथमिक शाळा बंद करायचं ठरवलं ते पटसंख्या घटल्यामुळेच. उत्तर असं की राज्याचा पैसा पटावर मिळतो, म्हणून मुलं कमी झाली की उत्पन्न लगेच कमी होतं. खर्च तसा घटत नाही. वेगवेगळ्या इयत्तांतून वीस-तीस मुलं गेली म्हणून एक वर्ग किंवा एक बस बंद करता येत नाही. तरीही डिस्ट्रिक्टने काटकसर कुठे केली हे विचारायचा हक्क मतदाराला आहे. तुम्हीही विचारा, आणि उत्तर घेऊन मगच प्रचाराला निघा.

'पडली तर काय होईल, करतील काहीतरी.' इथे मेरिसव्हिलचं उदाहरण द्या. सिएटलच्या उत्तरेला असलेल्या या डिस्ट्रिक्टची लेव्ही २०२२ साली फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये पडली. एका वर्षात दोनदाच विचारता येतं. २०२३च्या फेब्रुवारीत ती पास झाली, पण पैसा लगेच येत नाही, पुढच्या वर्षीच्या कराबरोबर येतो, आणि त्याच वर्षी डिस्ट्रिक्ट राज्याच्या आर्थिक देखरेखीखाली गेलं. कमी मालमत्तेच्या गावांत आणखी एक फटका असतो: स्थानिक लेव्ही असेल तरच राज्याकडून मिळणारी पूरक मदत लेव्ही पडली की तीही जाते. हे सांगताना धमकीचा सूर येऊ देऊ नका. झालं ते सांगा आणि थांबा.

'चांगल्या शाळांमुळे घराची किंमत टिकते' हा आपल्यात फार आवडता युक्तिवाद आहे. मी तो जपून वापरतो. टक्के कुणी सांगू शकत नाही, आणि भाड्याने राहणाऱ्यासमोर तो कानाला बरा लागत नाही.

आणि ज्याने विचार करून 'नाही' ठरवलंय त्याला धन्यवाद म्हणून पुढच्या दाराकडे वळा. अर्ध्या तासात त्याचं मत बदलेल ही आशा बाळगण्यापेक्षा तेवढ्यात चार होकारवाल्यांची पाकिटं मार्गी लागतील.

शेवटचे अठरा दिवस

ऑनलाइन नोंदणी किंवा पत्ताबदल मतदानाच्या आठ दिवस आधीपर्यंत होतो. त्यानंतर प्रत्यक्ष जाऊन मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत. नुकतंच घर बदललेल्यांना हे आवर्जून सांगा, कारण मतपत्रिका जुन्या पत्त्यावर गेलेली असते.

टपालाला तिकीट लागत नाही. पण मोहोर मतदानाच्या दिवसापर्यंतची हवी, आणि टपालपेटीत टाकलं त्याच दिवशी मोहोर बसेल याची खात्री नसते. शेवटच्या आठवड्यात ड्रॉप बॉक्सच बरा. तो मतदानाच्या दिवशी रात्री ८ वाजता बंद होतो, आणि आठ म्हणजे आठच.

सहीकडे खास लक्ष द्या. पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. आपल्यात कुणी बँकेत मराठीत सही करतं, लायसन्सवर इंग्रजीत, आणि लग्नानंतर नाव बदललं की तिसरीच. लायसन्सवरची सही बघून पाकिटावर करा. नवऱ्याने घाईत बायकोच्या पाकिटावर सही केली तर ती मतपत्रिका अडकते. प्रत्येकाची सही प्रत्येकाने करायची.

कुणाचं पाकीट पोचलं याची नोंद काउंटी रोजच्या रोज अद्ययावत करते. समितीने ती यादी आपल्या होकारवाल्यांशी जुळवून ज्यांचं आलं नाही त्यांनाच फोन करावेत. प्रचाराच्या सगळ्या खटाटोपात याहून फलदायी काम नाही, आणि ते करायला माणसं सगळ्यात कमी येतात. तुमच्याकडे दोनच संध्याकाळी असतील तर त्या इथे द्या.

निकालानंतर

मतदानाच्या रात्री आठनंतर पहिला आकडा येतो, पण उशिरा पोचलेली पाकिटं पुढे मोजली जातात आणि विशेष निवडणुकीचा निकाल दहा दिवसांनी पक्का होतो. मतं घासून असतील तर हे दहा दिवस सहीवरून अडकलेल्या मतदारांना शोधण्यात घालवा. काउंटी त्यांना पत्र पाठवतेच, पण टपालातलं पत्र कोण उघडतो? निकाल पक्का व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत सही दुरुस्त करून देता येते.

पास झाली तर पाट्या काढा आणि खजिनदाराला शेवटचा अहवाल भरायला मदत करा. पडली तर रडत बसायला वेळ नसतो. एप्रिलची निवडणूक चौथ्या मंगळवारी असते आणि तिचा ठराव ६० दिवस आधी द्यावा लागतो. फेब्रुवारीचा निकाल पक्का होणं आणि ही मुदत संपणं यांत काही वर्षी आठवडा असतो, २०२५ साली दोन्ही एकाच दिवशी आलं. म्हणून शाळा मंडळ बहुतेक वेळा मतदानानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या बैठकीतच ठरवतं: तीच रक्कम पुन्हा मागायची की कमी करायची. त्या बैठकीत नागरिकांना बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, नाव आधी द्यावं लागतं. दारोदार फिरताना लोकांनी 'नाही' का म्हटलं याची टिपणं घेऊन जा. शाळा मंडळाच्या सभासदांना त्या घटकेला सगळ्यात जास्त तीच हवी असतात.